चौदाव्या गाण्याचं शेवटचं कडवं

आमच्या बँडमध्ये सगळे मला मॅडम म्हणतात. मी गाते म्हणून नाही, ओरडते म्हणून. कोण उशिरा आलं, कुणी केबल गुंडाळून ठेवली नाही, कुणाचा चहाचा कप माझ्या पेटीवर टेकलाय, हे बघायचं काम गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. पेटी मी वाजवते, दुसरा आवाज मी लावते आणि रेकॉर्डिंगच्या झाडून सगळ्या फायली माझ्या लॅपटॉपमध्ये असतात. नोकरी एका बांधकाम कंपनीत, एस्टिमेशनची, त्यामुळे प्रत्येक फायलीला तारीख घालायची खोड आहे. माझ्याकडून काही हरवत नाही. हे वाक्य मी इतक्या तोऱ्यात आणि इतक्या वेळा बोलले आहे, की शेवटी त्यानेच माझी गोची केली.

बँड उभा केला तो इक्कांनी. इक्का म्हणजे मोठा भाऊ. मलबारच्या मुसलमान घरांत तसं म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो. मूळचे कोझिकोडचे. तरुणपणी समुद्रातल्या तेलाच्या रिगवर रेडिओ ऑपरेटर होते. तिथल्या अमेरिकन ड्रिलर लोकांकडून गिटार शिकले आणि त्यांची गाणी उचलली, घोड्यांची, ट्रकांची, घरापासून लांब राहिलेल्या माणसांची. त्या गाण्यांना त्यांनी आपल्या मलबारी मुसलमानांच्या मापिळा गाण्यांची वळणं लावली. मग माझ्या नवऱ्याचे एक मित्र, मला वहिनी म्हणणारे आमचे भाऊजी, त्यात बेंजो घेऊन घुसले. अमेरिकेतला तारांचा नव्हे, आपला, बटणं दाबायचा, गणपतीच्या मिरवणुकीतला. फिलिपिन्सचा एक मुलगा लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं बडवायचा. लोक विचारायचे, हे नक्की कुठलं संगीत? मी सांगायचे की कंट्री आहे, पण कुठल्या कंट्रीचं ते विचारू नका.

स्टुडिओ म्हणजे इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधली मेड्स रूम. इथल्या घरांत स्वयंपाकघरामागे कामवालीसाठी एक बिनखिडकीची खोली असते. आमच्याकडे कामवाली नाही, म्हणून त्या खोलीच्या चारी भिंतींना आम्ही जुन्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. आत माइक, बाहेरच्या पॅसेजमध्ये टेबलावर लॅपटॉप आणि मी. खोलीला कपाटाएवढं बाथरूम होतं आणि त्यात एक्झॉस्ट फॅनचं भोक. त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येई, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी मी तिथे टॉवेलाचा बोळा कोंबायचे. इमारतीच्या अगदी मागे मशीद आहे.

अजान सुरू झाली की हात खाली, हा नियम इक्कांनी पहिल्याच वर्षी घातला होता. गाणं अर्ध्यात असो, शेवटच्या ओळीवर असो, थांबायचं. ते खाली नमाजाला जात, आम्ही चहा घेत असू, मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी कधी कुरकुर केली नाही. मला तर तो नियम मनापासून पटला होता. आमच्याकडे आरती चालू असताना कुणी टीव्हीचा आवाज वाढवला तर मी घर डोक्यावर घेते, मग दुसऱ्याच्या बाबतीत वेगळं कसं वागणार. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये अजान आणि वर आमचा बेंजो, असं काही बाहेर गेलं तर ते शोभणारं नाही, हे इथे राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

तो नियम मोडला तो मी. आणि मोडला तेव्हा फक्त मलाच माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. इक्कांनी एक नवं गाणं केलं होतं. वाळवंटातल्या लिवाच्या रस्त्यावर पाण्याचे कॅन घेऊन जाणाऱ्या एका पिकअपवाल्याचं. चार कडवी. चौथ्या कडव्यात गाडी वाळवंटात बंद पडते, तो माणूस टपावर चढून घरी फोन लावतो, रेंज नसते, तरी तो बोलतच राहतो. इक्का ते कडवं खालच्या सुरात सुरू करायचे आणि शेवटच्या ओळीला आवाज असा वर न्यायचे की मी दुसरा आवाज लावायला विसरायचे. आमच्या सगळ्या गाण्यांत ते अव्वल होतं, याबद्दल आमच्यात वाद नव्हता, आणि आमच्यात वाद नाही असं क्वचितच व्हायचं.

बेंजो, पेटी, खोकं आधीच रेकॉर्ड झालं होतं. त्या शुक्रवारी फक्त इक्कांचा आवाज घ्यायचा होता. दुपारपासून चार टेक वाया गेले होते. भाऊजी खाली करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा आणायला गेले. मी फोनवर बघितलं, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानला अकरा मिनिटं होती आणि गाणं पाच मिनिटांचं. म्हटलं, इक्का, एक और हो जाएगा. ते पाणी प्यायले, घसा साफ केला, दोनदा सुरुवात करून थांबले. टॉवेलाचा बोळा मी जेवणाच्या वेळी काढला होता, खोलीत हवा यावी म्हणून. परत घालायचा राहिला.

तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली आणि मला लगेच कळलं की हाच टेक. इतक्या वर्षांत कान तयार होतो. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, कुठे खोट काढायला जागा नाही. चौथं सुरू झालं आणि माझ्या हेडफोनमध्ये, त्यांच्या आवाजाच्या मागे, अजान आली. लांबून, पण स्वच्छ. इक्कांच्या कानांवर घट्ट हेडफोन, त्यात बेंजो मोठ्याने लावलेला, त्यांना काहीच कळलं नाही. दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं. ठोठावायला मी हात उचललासुद्धा. आणि खाली घेतला. एकच कडवं राहिलंय, मी स्वतःशी म्हटलं, एकच मिनिट. खरं सांगायचं तर तेवढा विचारही केला नव्हता. मला ते कडवं हवं होतं, बस.

इक्का घामाघूम होऊन बाहेर आले. कानांवरचे हेडफोन काढले आणि क्षणभर उभे राहिले, कारण अजान अजून चालू होती.

"अभी शुरू हुई?" त्यांनी विचारलं.

"हाँ, अभी," मी म्हटलं.

ते चपला घालून खाली गेले. भाऊजी चहा घेऊन वर आले आणि विचारलं, जमलं का? मी म्हटलं, जमलं.

त्यानंतरची तीन वर्षं मी फक्त एकच काम केलं, टाळणं. मिक्सिंग बाकी आहे. ऑफिसात टेंडर आहे. लॅपटॉप बदलायचाय. इक्का अधूनमधून विचारायचे, "मॅडम, मेरा पिकअप कहाँ पहुँचा?" आणि मी सांगायचे, रस्त्यात आहे, येतंय. ते हसायचे. माझ्यावर त्यांचा भरवसा होता, माझ्याकडून काही हरवत नाही ना. मी ती फाइल कितीदा उघडली आणि कितीदा बंद केली ते मलाच माहीत. पुन्हा गा, असं त्यांना सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगायचं म्हणजे दारापाशी उभी असून मी काय केलं तेही सांगावं लागणार. शिवाय आत कुठेतरी मला वाटायचं की तसा टेक पुन्हा होणारच नाही. माझी आवड मी त्यांच्या नियमापेक्षा मोठी मानली होती. हे कबूल करायला मला लाज वाटत होती आणि अजूनही वाटते.

मागच्या वर्षी इक्कांचा आवाज बसायला लागला. सगळ्यांना वाटलं एसीची हवा, धूळ. तपासण्यांत गाठ निघाली आणि एका आठवड्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशननंतर मी हॉस्पिटलात गेले तेव्हा त्यांच्या गळ्याला पांढरं फडकं होतं आणि मांडीवर फोन. ते फोनवर लिहून दाखवायचे, इंग्रजी अक्षरांत हिंदी. पहिलं वाक्य त्यांनी मला दाखवलं ते असं की आता मॅडमना माझ्यावर ओरडायचं कारण उरलं नाही. मी हसले, आणि लिफ्टमध्ये येऊन रडले.

इक्कांचं कायमचं कोझिकोडला जायचं ठरलं. मुलाचा फ्लॅट अल रीम आयलंडवर आहे, तिथे ते तेवढ्यापुरते राहत होते. तेव्हा भाऊजींनी डोक्यात घेतलं की वीस वर्षांतली आपली निवडक गाणी एकत्र करायची, एक अल्बम, पहिल्या धडपडीपासून ते शेवटच्यापर्यंत. इक्का शनिवारच्या विमानाने जाणार, त्याआधी शुक्रवारी दुपारी मुलाच्या घरी सगळ्यांचं जेवण, आणि तिथे तो पूर्ण ऐकायचा. गाणी इक्कांनी स्वतः निवडली. यादी भाऊजींनी ग्रुपवर टाकली. चौदा गाणी, आणि चौदावं पिकअपवाल्याचं. त्यापुढे इक्कांनी कंसात लिहिलं होतं, "इसकी रिकॉर्डिंग कभी सुनी नहीं, मॅडम के पास है."

मी ऑफिसात होते. फोन पालथा ठेवला आणि पुढचा अर्धा तास पडद्यावरच्या आकड्यांच्या एकाच कॉलमकडे बघत बसले.

हातात तीन आठवडे होते. तेरा गाणी मी आठ दिवसांत नीट केली. जुन्या गाण्यांतली खरखर काढली, आवाज सारखे केले, एका गाण्यात भाऊजींनी मध्येच दिलेली शिंकही काढली. आणि चौदाव्याजवळ आले की हात थांबायचे. मग लेकीला बसवलं. ती सतरा वर्षांची, असल्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्यापेक्षा शंभर पावलं पुढे. तिला म्हटलं, मागचा आवाज वेगळा कर, गाण्याला धक्का लागू देऊ नको. मागे काय आहे ते तिने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं, मग कामाला लागली. दोन संध्याकाळी खपली. अजान कमी झाली खरी, पण इक्कांचा आवाजही फाटला, शेवटची ओळ तर अशी झाली की कुणी तोंडावर उशी धरून गातंय.

"दे आर बोथ ह्यूमन व्हॉइसेस, आई," ती म्हणाली. "इट कान्ट टेल देम अपार्ट."

"अजून एकदा करून बघ."

"आय डिड इट सिक्स टाइम्स. जस्ट टेल हिम."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी खेकसले. ती उठून गेली. नंतर तिच्या खोलीच्या दारापाशी जाऊन मी दोन मिनिटं उभी राहिले, पण आत जायचा धीर झाला नाही.

मी सगळे मार्ग शोधले. आम्ही जिथे जिथे गायलो होतो तिथल्या लोकांच्या मोबाइलवरच्या क्लिपा मागवल्या. त्यांत गाण्यापेक्षा बिर्याणीच्या ताटांचाच आवाज जास्त. चौथं कडवं एकात होतं, पण त्यात कुणाचं तरी बाळ रडत होतं. दुसऱ्या कुणाकडून ते कडवं गाऊन घ्यावं असंही एकदा मनात आलं, आणि स्वतःचीच किळस आली. एकेक दिवस जात होता. नवरा म्हणाला, चेहरा बघ जरा आरशात. त्यालाही मी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बुधवारी भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, चौदावं कधी देताय? तेवढंच राहिलंय. इक्कांचा मुलगा रोज विचारतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, ती फाइल उघडतच नाहीये. करप्ट झालीय."

ते म्हणाले, "तुमच्याकडची फाइल?"

"हो."

"बरं," ते हळूच म्हणाले. "इक्कांना मी सांगतो. तुम्ही नका सांगू, तुम्हाला उगाच त्रास. तेरा तर तेरा. कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

मला वाटलं होतं, खोटं बोलल्यावर सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. त्या माणसाने कधी माझ्या शब्दावर शंका घेतली नव्हती, आणि आता माझं खोटं तो माझ्या वतीने नेऊन पोचवणार होता.

गुरुवारी दुपारी रजा टाकून मी अल रीमला गेले. पेन ड्राइव्हमध्ये तेरा गाणी होती, इक्कांनी एकदा ऐकून होकार द्यावा म्हणून. निदान मी घरी तसं सांगून निघाले होते. लॅपटॉप का घेतला ते माझं मलाच नीट सांगता आलं नसतं. पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं गाडीतच बसून राहिले. वर गेले तर हॉलमध्ये उघड्या बॅगा, कपड्यांच्या घड्या. इक्कांच्या बायकोने सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा आणून ठेवला आणि ती आत आवराआवर करायला गेली. इक्का खिडकीजवळच्या खुर्चीत होते. खूप बारीक झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आधीच लिहून ठेवलं होतं.

"तेरह बहुत हैं. फाइल का दुख मत करना. बीस साल आपने सब सँभाला, एक गया तो क्या."

मी ते दोनदा वाचलं. ते रागावले असते तर मी खोटं तसंच पुढे रेटलं असतं, मला मी पक्की ओळखते. पण ते माझीच समजूत घालत होते.

"इक्का," मी म्हटलं, "फाइल ठीक है. खराब नहीं हुई. मैंने झूठ बोला."

मी लॅपटॉप उघडला, हेडफोन त्यांच्या हातात दिले आणि फाइल लावली. सॉफ्टवेअरने धुतलेली नव्हे, मूळची.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्या कडव्याला त्यांची बोटं गुडघ्यावर गिटारच्या तारा धरल्यासारखी हलायला लागली. दुसऱ्याला ओठ हलले, आवाजाशिवाय, शब्द न शब्द बरोबर. स्वतःचा तो आवाज ते इतक्या दिवसांनी ऐकत होते आणि चेहऱ्यावर असा काही आनंद होता की क्षणभर मला वाटलं, त्यांना कळणारच नाही. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. मी तिच्याकडेच बघत होते. तिसरं कडवं संपलं. मधला बेंजो संपला.

चौथ्याच्या दुसऱ्या ओळीवर त्यांचे ओठ थांबले. डोळे उघडले. त्यांनी हात पुढे करून गाणं थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा थांबवलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलेच नाहीत. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि फोन घेतला.

"यहाँ से काट दो," त्यांनी लिहिलं. "तीन अंतरे रखो."

"चौथा सबसे अच्छा है, इक्का."

त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांच्यासमोरच कापलं. बेंजो जिथे संपतो तिथे रेघ मारली, पुढचं पुसलं आणि सेव्ह केलं. ते पडद्याकडे लक्ष देऊन बघत होते, काम नीट होतंय ना ते बघतात तसे. पिकअप बंद पडायच्या आधीच आता गाणं संपतं. मला वाटलं, संपलं, मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, आता उठावं. मी लॅपटॉप मिटत होते तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि फोन दाखवला.

"उस दिन आपने सुनी थी?"

"हाँ," मी म्हटलं. "दरवाज़े पर थी. रोका नहीं."

ते बराच वेळ लिहीत होते. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. एवढा वेळ घालवून एकच ओळ ठेवली होती.

"उसी दिन बता देतीं तो मैं नमाज़ पढ़के आता और फिर से गा देता."